‘सचिन’, ‘तेंडुलकर’ आणि एका चरित्रपटाचा निवेदक

खेळाडूच्या जीवनावरील माहितीपटाला ‘चरित्र’ या वाङ्मयप्रकाराचे निकष लावावेत काय, हा प्रश्न मराठी समीक्षेने फारसा गंभीरपणे विचारलेला नाही. याला अंशतः आपली परिभाषा कारणीभूत असावी. वृत्तपट, अनुबोधपट, माहितीपट असे शब्द आपण बदलत आलो. त्यांतील ‘माहितीपट’ रूढ झाला आणि त्याबरोबर अशी एक समजूतही रूढ झाली की, या प्रकाराचे मूल्यमापन म्हणजे त्यातील माहिती बरोबर आहे की चूक याची तपासणी. वस्तुतः चरित्राप्रमाणेच येथेही कळीचे प्रश्न कथनाचे असतात. कोण सांगतो, कोणाच्या वतीने सांगतो आणि सांगताना कोणाला गप्प बसवतो, हे प्रश्न माहितीच्या खरेखोटेपणाने सुटत नाहीत. जेम्स अर्स्किन दिग्दर्शित आणि रवी भागचंदका निर्मित ‘सचिन : अ बिलियन ड्रीम्स’ (2017) हा चित्रपट या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. त्यातील माहिती बहुतांशी बरोबरच आहे. अडचण निराळीच आहे.

चित्रपटाची सामग्री तीन प्रकारची आहे. बालपणाचे प्रसंग नटांकडून नाट्यरूपाने करवून घेतले आहेत. सामन्यांची चित्रणे संग्रहातून घेतली आहेत. आणि तेंडुलकर कुटुंबाच्या घरगुती चित्रफिती प्रथमच मोठ्या प्रमाणावर बाहेर आल्या आहेत. सहकारी, समालोचक आणि कुटुंबीय यांच्या मुलाखती मध्ये मध्ये येतात. या सर्वांना बांधून ठेवणारा आवाज मात्र चरित्रनायकाचा आहे. तो कॅमेऱ्यासमोर बसून आपले आयुष्य सांगतो आणि बाकीची दृश्ये त्याच्या वाक्यांना पुरावा म्हणून उभी राहतात.

फिलिप लजून या फ्रेंच समीक्षकाने 1975 मध्ये ‘आत्मचरित्रात्मक करार’ ही संकल्पना मांडली. लेखक, निवेदक आणि नायक या तिघांचे एकच नाव असणे ही त्या कराराची अट होय. तिघे एकच आहेत हे ठाऊक असल्यामुळे आत्मचरित्राचा वाचक त्यातील आत्मसमर्थन गृहीत धरतो आणि त्याची वजावट करून वाचतो. चरित्राचा वाचक अशी वजावट करीत नाही, कारण निवेदक नायकाहून वेगळा असल्याची हमी त्याला मिळालेली असते. प्रस्तुत चित्रपटात निवेदक आणि नायक एक आहेत, कर्ता मात्र वेगळा आहे. परिणामी प्रेक्षकाच्या हाती आत्मचरित्र पडते आणि तो ते चरित्राच्या विश्वासाने पाहतो. मॅच-फिक्सिंगचे प्रकरण किंवा कर्णधारपदाचा काळ (25 कसोटी, 4 विजय) असे प्रसंग येतात तेव्हा हा घोटाळा जाणवतो. तेथे उलटतपासणी करणारा कोणी नसतो. नायक आपली बाजू मांडतो आणि चित्रपट तीच आपलीही बाजू म्हणून स्वीकारतो.

येथे मराठीच्या एका लकबीचा उल्लेख केला पाहिजे. आपण ‘सचिन खेळला’ असे म्हणतो. ‘वाडेकर खेळले’ असे म्हणतो. हा एकेरीपणा केवळ वयाच्या लहानपणातून आलेला नाही, कारण पन्नाशी उलटल्यावरही तो टिकून आहे. देव, आई आणि संत यांच्यासाठी मराठीने राखून ठेवलेला हा एकेरीपणा आहे. विठोबा येतो, तुका म्हणतो. म्हणून या लेखात मी पडद्यावरील पात्राला ‘सचिन’ आणि सार्वजनिक नोंदीतील व्यक्तीला ‘तेंडुलकर’ म्हणणार आहे. निवेदक तेंडुलकर ‘सचिन’ या पात्राकडे दुरून पाहू शकतात का, हा या चित्रपटासंबंधीचा मूलभूत प्रश्न आहे. माझ्या मते ती संधी चित्रपटाने त्यांना दिलीच नाही.

क्रीडाविषयक चरित्रपटांची आजची चर्चा ज्या कृतीशिवाय पुरी होत नाही ती म्हणजे आसिफ कपाडिया यांचा ‘सेना’ (2010). 1 मे 1994 रोजी इमोला येथील शर्यतीत मृत्यू पावलेल्या आयर्टन सेना या ब्राझिली मोटारशर्यतपटूचे हे चरित्र जवळजवळ संपूर्णपणे जुन्या चित्रणांतून उभे केले आहे. मुलाखती आहेत, पण बोलणाऱ्यांचे चेहरे दिसत नाहीत; त्यांचे आवाज तेवढे चित्रणावर येतात. त्यामुळे सेनाच्या पूर्वीच्या मुलाखतीतील बोलणे, त्याच्या बहिणीचे बोलणे आणि एखाद्या पत्रकाराचे बोलणे या साऱ्यांना एकच पातळी मिळते. आलँ प्रोस्ट या प्रतिस्पर्ध्याला या चित्रपटाने खलनायक केले असा आक्षेप घेतला गेला आणि तो अगदीच निराधार नाही. पण प्रतिस्पर्धी तेथे आहे. त्याच्याशी असलेले वैर हाच कथनाचा कणा आहे. अर्स्किन यांनी स्वतः याआधी मार्को पांतानी या इटालियन सायकलपटूवर चित्रपट केला होता (2014). उत्तेजकांच्या सावटाखाली 2004 मध्ये मरण पावलेल्या त्या नायकाबद्दल परस्परविरोधी साक्षी तोलून पाहण्यावाचून दिग्दर्शकाला गत्यंतर नव्हते. तोच दिग्दर्शक हयात, सहकार्यास तयार आणि निष्कलंक नायकासमोर आला तेव्हा त्याची तोलण्याची सवय सुटली. मृत नायक दिग्दर्शकाला मोकळा सोडतो, एवढे खरेच.

मात्र ही तुलना पाश्चात्त्य उदाहरणांपुरती ठेवली तर मुद्दा अर्धवट राहील, कारण या चित्रपटाची खरी घडण आपल्या संतपटाची आहे. खोडकर मूल, गुरूची भेट, खडतर साधना, परीक्षा, लोकापवाद, चमत्कार आणि अखेरीस समुदायाच्या साक्षीने निरोप हा क्रम प्रभातच्या प्रेक्षकाला अनोळखी वाटू नये. आचरेकर सरांनी यष्टीवर ठेवलेले रुपयाचे नाणे, बाद न होता दिवस काढला तर ते शिष्याचे, हा प्रसंग तर गुरुप्रसादाच्या कथेसारखाच सांगितला जातो. (ती तेरा नाणी तेंडुलकरांनी जपून ठेवली, हे सर्वश्रुत आहे.) संतपटाची घडण असणे हा दोष नव्हे. दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये (1936) विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम जितका लक्षात राहतो तितकीच गौरीबाईंची जिजाई राहते. ती विठोबाला शिव्या घालते, घरात दाणा नाही हे सांगते, आणि नवऱ्याच्या संतपणाची किंमत कोण मोजते आहे याची जाणीव प्रेक्षकाला क्षणभरही विसरू देत नाही. तिच्यामुळे तुकारामाचे संतत्व कमी होत नाही, उलट त्याला वजन येते.

‘सचिन’मध्ये ही जागा अंजली तेंडुलकर यांची आहे. त्या बालरोगतज्ज्ञ होत्या. संसारासाठी त्यांनी वैद्यकी सोडली आणि हे त्या स्वतःच शांतपणे सांगतात. सांगण्यात कडवटपणा नाही, आणि तो असावाच असा आग्रह धरणे उद्धटपणाचे होईल. तथापि चित्रपटाला या त्यागाचे कथानक करता आले असते. एका डॉक्टरचे काम थांबले म्हणून एका फलंदाजाचे काम चालू राहिले, हे वाक्य त्या निवेदनात दडलेले आहे, आणि दिग्दर्शकाने ते दडलेलेच राहू दिले. घरगुती चित्रफिती या चित्रपटाचे सर्वांत मोलाचे धन होय. त्यांत नायक बेसावध दिसतो, मुलांशी खेळताना दिसतो. परंतु त्यांच्यावरही निवेदकाचा आवाज पसरतो आणि चित्रफीत दाखला होऊन बसते.

साक्षींचा प्रश्न सर्वांत स्पष्ट होतो तो 664 धावांच्या भागीदारीच्या संदर्भात. फेब्रुवारी 1988 मध्ये हॅरिस ढाल स्पर्धेत, आझाद मैदानावर, शारदाश्रम विद्यामंदिराच्या विनोद कांबळी (नाबाद 349) आणि सचिन तेंडुलकर (नाबाद 326) यांनी सेंट झेविअर्सविरुद्ध ही अखंड भागीदारी केली. चित्रपटात ती नायकाच्या उदयाची खूण म्हणून येते. पण या एका घटनेला किती पाठ आहेत ते पाहावे. तेंडुलकरांचा पाठ आपल्याला ठाऊक आहे. कांबळींचा पाठ आहे. ज्याच्या धावा त्या डावात अधिक होत्या, ज्याने 1993 मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत 224 आणि 227 धावा केल्या आणि जो 17 कसोटींनंतर, 54 हून अधिक सरासरी असताना, कसोटी संघाबाहेर गेला तो गेलाच. डाव घोषित करण्याचा सरांचा निरोप न पाहिल्यासारखे करून दोघे खेळत राहिले, हा भाग तर दोघांच्या तोंडून ऐकण्यासारखा. गोलंदाजी करणाऱ्या संघात साईराज बहुतुले होता. पुढे तोही भारताकडून कसोटी खेळला. आणि पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसलेला अमोल मुजुमदार होता. त्याची पाळी आली नाही. रणजी पदार्पणात 260 धावा आणि प्रथम श्रेणीत 11 हजारांहून अधिक धावा करूनही त्याला भारताच्या संघात स्थान मिळाले नाही. 2025 मध्ये विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचा तो प्रशिक्षक होता. एकाच मैदानावरचे हे चार पाठ. त्यांपैकी कांबळी या चित्रपटात ओझरते येतात, आणि कथन एकाच पाठाचे राहते.

मराठी गद्याचा आरंभ ज्या ग्रंथाने होतो तो चरित्रग्रंथ आहे, आणि त्याची रीत येथे आठवणे अप्रस्तुत ठरू नये. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्रा’साठी चक्रधरांच्या आठवणी ज्याच्या त्याच्याकडे जाऊन गोळा केल्या. प्रसंग कोणत्या गावी घडला, कोण उपस्थित होते, याची नोंद ठेवली. आणि जेथे एकाची आठवण दुसऱ्याहून भिन्न निघाली तेथे भिन्न पाठही जपले गेले. म्हाइंभट तटस्थ चरित्रकार नव्हते. त्यांच्या दृष्टीने चरित्रनायक प्रत्यक्ष परमेश्वर होता. तरीही भक्तीमुळे साक्षींची छाननी करू नये असे त्यांना वाटले नाही. उलट प्रत्येक आठवण मोलाची म्हणून प्रत्येक साक्षीदार मोलाचा, असा तो न्याय होता. तेव्हा ‘सचिन’ भक्तिभावाने केला आहे म्हणून तो एकसुरी झाला, ही समीक्षकांची आवडती तक्रार मला पटत नाही. भक्ती पुरेशी खोल नव्हती, असे फार तर म्हणता येईल.

हीच गोष्ट स्थळाची. शिवाजी पार्क हे 1925 मध्ये लोकांसाठी खुले झालेले आणि 1927 मध्ये अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकाराने आजचे नाव मिळालेले सार्वजनिक मैदान आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेथे झाल्या, 1966 पासून दसरा मेळावे झाले, आणि 6 डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारा समुदाय त्याच मैदानाच्या आश्रयाने राहतो. क्रिकेटच्या दृष्टीनेही ते एकाचे कधीच नव्हते. अनेक क्लबांची जाळी शेजारी-शेजारी लागतात, एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाजवळ उभा असतो. मुंबईच्या फलंदाजीचा चिवटपणा या दाटीतून घडला असे म्हणतात, आणि त्यात तथ्य असावे. या दाटीला वर्गीय बाजू आहे. तेंडुलकर वांद्र्याहून काका-काकूंच्या घरी, मैदानाच्या जवळ, राहायला आले. कांबळी कांजूरमार्गहून लोकलने दादरला येत. मैदान दोघांना सारखेच खुले होते, मैदानापर्यंतचा रस्ता सारखा नव्हता. चित्रपटातील शिवाजी पार्कला हा रस्ता नाही. ते नायकाचे तपोवन आहे. आचरेकर सरांच्या स्कूटरवरून एका सामन्यातून दुसऱ्या सामन्याकडे धावणारा मुलगा तेथे दिसतो, पण ज्यांना त्या स्कूटरवर जागा मिळाली नाही अशांची शाळा दिसत नाही.

मराठीच्या अभ्यासकाला या चित्रपटात सर्वाधिक खटकावी अशी गोष्ट मी अखेरीस ठेवली आहे. रमेश तेंडुलकर हे कीर्ती महाविद्यालयात मराठीचे प्राध्यापक होते. ‘प्राजक्त’चे कवी आणि ‘बालकवींची कविता : तीन संदर्भ’, ‘मराठी रोमँटिक काव्यप्रतिभा’ या ग्रंथांचे कर्ते होते. घर ‘साहित्य सहवास’मध्ये, जेथे विंदा करंदीकर आणि धर्मवीर भारती यांच्यासारखे शेजारी होते. चित्रपटात वडील येतात ते शहाणपणाचे चार शब्द सांगणारा प्रेमळ पिता म्हणून. ते कवी होते हे प्रेक्षकाला कळते, पण कविता हे त्यांचे काम होते हे कळत नाही. साहित्याचे रूपांतर ‘संस्कारा’त होते. आपल्या मध्यमवर्गाने साहित्याशी नेमके हेच केले असल्यामुळे ही गोष्ट कोणाला खुपत नाही. साहित्य हे घरात असावे, मुलाने सभ्य निघावे, आणि पुस्तकाचे पान मात्र कोणी उलगडू नये.

तेंडुलकरांच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की, 16 नोव्हेंबर 2013 रोजी वानखेडेवरील निरोपाच्या भाषणात त्यांनी पहिले नाव वडिलांचेच घेतले. मे 1999 मध्ये इंग्लंडमध्ये विश्वचषक चालू असताना वडील गेले. अंत्यविधी करून ते परतले आणि 23 मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध नाबाद 140 धावा केल्या. शतकानंतर आकाशाकडे पाहणारा तो चेहरा संग्रहातील चित्रणात आहे आणि त्याला निवेदनाची गरज नाही. या एका ठिकाणी ‘तेंडुलकर’ आणि ‘सचिन’ यांच्यात अंतर पडते, कारण तेथे खेळाडू काही सांगत नसतो, त्याच्या बाबतीत काही घडत असते. चित्रपटाने त्याच चेहऱ्यावर आणखी थोडा वेळ थांबायला हवे होते. एका कवीला एकदा नव्हे तर तीन संदर्भांत ठेवून वाचणाऱ्या समीक्षकाचा तो मुलगा होता, हे निदान मराठी आवृत्तीला ठाऊक असावे अशी अपेक्षा होती. हा चित्रपट इंग्रजी आणि हिंदीबरोबर मराठीतही प्रदर्शित झाला होता.