प्रवेशाचं वतन

आजचा विषय अमेरिकेतल्या विद्यापीठांचा आहे, पण त्यासाठी शब्द आपण आपल्याकडचा घेऊ : वतन. बापाकडे होतं म्हणून मुलाकडे आलं. आपल्याकडची वतनं कायद्यानं गेली. तिकडच्या अनेक नामांकित विद्यापीठांत मात्र आई किंवा वडील माजी विद्यार्थी असतील, तर मुलाच्या अर्जाला आजही जादा वजन मिळतं. याला ‘लेगसी’ म्हणतात.

विद्यापीठांचा बचाव ठरलेला आहे : दोन अर्ज तोडीस तोड असले, तरच आम्ही घराण्याकडे बघतो. बरं, तपासून पाहू. हार्वर्डविरुद्धच्या खटल्यात सहा वर्षांच्या प्रवेशांचे आकडे कोर्टापुढे आले. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांपैकी जवळजवळ ३४ टक्क्यांना प्रवेश मिळाला होता, इतरांपैकी साधारण ६ टक्क्यांना. आता कुणी म्हणेल, शिकलेल्या घरातली मुलं, त्यांची तयारी चांगली असणारच. काही अंशी खरंय. पण पाचपट फरक? तोडीस तोड अर्जांतून एवढी दरी पडत नाही.

या प्रथेचा जन्मही बघा. १९२०च्या दशकात परीक्षेच्या जोरावर ज्यू मुलं मोठ्या संख्येनं आत येऊ लागली. तेव्हा या विद्यापीठांनी ‘चारित्र्य’, ‘व्यक्तिमत्त्व’, ‘घराणं’ असे निकष पुढे आणले. गुणांची शर्यत हरू लागल्यावर नियमच बदलले!

जून २०२३मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं प्रवेशात वंशाचा विचार करायला मनाई केली. आपल्यापैकी अनेकांनी ‘गुणवत्तेचा विजय’ म्हणून त्याचं स्वागत केलं. लेगसीला मात्र त्या निकालानं हात लावला नाही. पिढ्यान् पिढ्या ज्यांना दार बंद होतं त्यांची सवलत गेली. ज्यांचे आजोबाही आत होते त्यांची राहिली. याला गुणवत्ता म्हणणं आम्हांला जमत नाही.

मग देणग्यांचं काय, असा प्रश्न येतो. एमआयटी लेगसी बघत नाही, तिचं काही अडलेलं नाही. जॉन्स हॉपकिन्सनं २०१४मध्ये ही प्रथा सोडली. तिथल्या नव्या विद्यार्थ्यांत माजी विद्यार्थ्यांच्या नातलगांचं प्रमाण २००९मध्ये १२.५ टक्के होतं, ते २०१९मध्ये ३.५ टक्क्यांवर आलं. त्याच काळात कमी उत्पन्नाच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानास पात्र मुलं ९ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेली. कॅलिफोर्नियानं तर २०२४मध्ये कायदा करून खासगी विद्यापीठांनाही बंदी घातली.

आता आपल्याबद्दल. मुंबई-पुण्याहून तिकडे गेलेल्या पहिल्या पिढीच्या मुलांना लेगसीचा काही उपयोग नव्हता; ती अभ्यासावर आत गेली. त्यांची मुलं आता अर्ज भरतील, आणि त्या अर्जात आईवडिलांच्या कॉलेजचं नाव असेल. वशिला दुसऱ्याचा असतो तेव्हा त्याला अन्याय म्हणणं सोपं असतं. फायदा आपल्या घरात येऊ लागल्यावरही आपण हेच म्हणणार आहोत का, ते आत्ताच ठरवायला हवं.