मनोरुग्णालय : शब्दांतर व स्थलांतर

शासकीय मनोरुग्णालयातील आंतररुग्ण-सेवेची चिकित्सा सामान्यतः खाटा, औषधे व कर्मचारी या तीन अंगांनी केली जाते. ही अंगे महत्त्वाची आहेतच. परंतु रुग्णाचे घर त्याच्या खाटेपासून किती दूर आहे, हा प्रश्न या चिकित्सेत सहसा येत नाही. मराठवाड्याचा इतिहास पाहता तोच प्रश्न मूलभूत ठरतो.

प्रथम कायद्याच्या भाषेचा विचार करावा. १८५८ च्या व त्यानंतर १९१२ च्या अधिनियमाने 'वेडा' आणि 'वेड्यांचे आश्रयस्थान' या कल्पना राज्यकारभारात रूढ केल्या. रुग्णाची भरती ही त्यांत मुख्यतः न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमाची बाब होती. १९८७ च्या अधिनियमाने 'वेडा' हा शब्द काढून त्या जागी 'मानसिक रुग्ण' आणला. हा अधिनियम १९९३ मध्ये अंमलात आला. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१८ पासून लागू झाला आणि त्याने 'मानसिक आजार असलेली व्यक्ती' असा शब्दप्रयोग केला. त्यात व्यक्ती आधी आली, आजार नंतर. सक्तीचे मुंडन नको, सक्तीचा गणवेश नको, साखळदंड नको, भूल दिल्यावाचून विजेचा उपचार नको, असे नियम या अधिनियमाने घालून दिले. हे शब्दांतर क्षुल्लक म्हणता येणार नाही. त्यामागे माणसाकडे पाहण्याची दृष्टी पालटल्याची खूण आहे.

परंतु लोकांच्या बोलण्यातील शब्द कायद्याने पालटत नाहीत. मराठीत कोणाला वेड्यात काढावयाचे झाल्यास 'याला ठाण्याला पाठवा' किंवा 'याला येरवड्याला न्या' असे आजही म्हटले जाते. गावाचे नावच येथे उपहासाचा शब्द झाले आहे. या उपहासाचा अर्थ नीट पाहिला पाहिजे. त्यात रोगाचे नाव नाही, उपचाराचेही नाही. आहे ते केवळ 'पाठविणे'. जेथे माणूस पाठविला जातो आणि जेथून तो परत येईल अशी कोणाची अपेक्षा नसते, असे ते ठिकाण. अधिनियमांनी जे लपविले, ते लोकभाषेने उघड केले आहे.

मराठवाड्याच्या बाबतीत हे 'पाठविणे' कसे घडत गेले, ते पाहण्यासारखे आहे. निजामी राजवटीत हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय जालन्यास होते, आणि जालना त्या वेळी औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे. १९५३ मध्ये ते हैदराबादजवळ एर्रागड्डा येथे हलविण्यात आले. त्या वेळी राज्य एकच होते. तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि रुग्णालय आंध्र प्रदेशात राहिले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, तेव्हा त्याच्या वाट्याला नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) व येरवडा ही चार जुनी मनोरुग्णालये आली. त्यांतील मंजूर खाटा अनुक्रमे ९४०, ३६५, १८५० व २५४०, म्हणजे एकूण ५६९५. या चारांपैकी एकही मराठवाड्यात नाही. औरंगाबादहून येरवडा सव्वादोनशे किलोमीटरांहून अधिक, तर नांदेडहून ते चारशेहून अधिक दूर आहे.

या अंतराचा परिणाम केवळ प्रवासखर्चापुरता राहत नाही. मजुरी बुडवून एवढ्या दूर वारंवार भेटीस येणे गरीब आप्तांना शक्य नसते. भेटी विरळ होतात, नाते क्षीण होते, आणि रुग्ण बरा झाल्यावर त्याला न्यावयास कोणी येत नाही. मग ज्याला रोगाने आणले, त्याला रोग गेल्यावरही भिंती सोडीत नाहीत. याच्या उलट उदाहरण अमृतसरचे आहे. तेथील मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात रुग्णांच्या आप्तांना आवारात तंबू ठोकून राहू दिले. आप्त शुश्रूषेत सहभागी झाले, आजार समजून घेऊ लागले आणि रुग्णाला घेऊन घरी परतू लागले. त्या प्रयोगात आप्तांचे सान्निध्य हा उपचाराचाच भाग होता.

२०१७ च्या अधिनियमाला हे तत्त्व ठाऊक आहे. उपचारासाठी कोणासही दूरचा प्रवास करावा लागू नये, सेवा राहत्या ठिकाणाजवळ असावी, असे त्याचे १८ वे कलम सांगते. केवळ कुटुंब स्वीकारीत नाही म्हणून कोणास रुग्णालयात ठेवता येणार नाही, असे १९ वे कलम म्हणते. दोन्ही कलमे एकत्र वाचली पाहिजेत. कारण पहिल्याचा भंग हेच पुष्कळदा दुसऱ्याच्या भंगाचे कारण असते.

येथे एक आक्षेप संभवतो. इटलीने १९७८ च्या कायद्याने मोठी मनोरुग्णालये मिटविण्याचा मार्ग धरला. तेव्हा मराठवाड्याने नव्या मनोरुग्णालयाची मागणी का करावी? आक्षेप विचारार्ह आहे. पण जेथे कधी जवळची व्यवस्थाच नव्हती, तेथे 'मिटविणे' या शब्दाला अर्थ उरत नाही. औरंगाबादच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे लोकांच्या 'घाटी'त, मानसोपचार विभाग आहे. सर्वसाधारण रुग्णालयातील असा विभाग शहराच्या मध्यभागी असतो आणि तेथे जाण्याने माणसाच्या नावावर शिक्का बसत नाही. मात्र दीर्घ उपचारांचा भार त्याने एकट्याने पेलावा, ही अपेक्षा रास्त नाही.

जालन्यास नवे प्रादेशिक मनोरुग्णालय उभारण्याचा निर्णय शासनाने या दशकात घेतला आहे. १९५३ मध्ये गेलेली संस्था त्याच गावी परत यावी, हे स्वागतार्ह होय. तथापि तिची कसोटी खाटांच्या संख्येवर लागणार नाही. आप्तांना राहावयास तेथे जागा असेल काय, बरा झालेला रुग्ण ठरल्या दिवशी घरी पोहोचेल काय, आणि त्यानंतरची औषधे त्याच्या तालुक्यातच मिळतील काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांवर ती लागेल. ही उत्तरे होकारार्थी नसतील, तर येरवड्याच्या जागी जालन्याचे नाव उपहासात येईल, एवढाच फरक पडेल.