‘रॉक मशीन’ ते ‘इंडस क्रीड’ : एक उशिरा ऐकलेला बँड

गणेशोत्सवातल्या करमणुकीच्या कार्यक्रमांची यादी ठरत होती. माझ्या मुलानं (वय पंधरा, शाळा शारजात) आपल्या बँडचं नाव दिलं. बँडमध्ये ड्रमवर एक मल्याळी मुलगा, बेसवर कराचीचा, कीबोर्डवर मडगावचा आणि गिटारवर आमचे चिरंजीव. यादी करणाऱ्या गृहस्थांनी प्रेमानंच विचारलं, “अरे, पण मराठी काय वाजवणार?” “काका, गाणं आमचं स्वतःचं आहे.” “ते खरं, पण इंग्रजीच ना?” विषय तिथंच संपला. मंडळ कुठलं ते सांगत नाही. असा प्रश्न विचारणारं मंडळ एकच आहे असंही नाही.

परतताना गाडीत मी मुद्दाम इंडस क्रीड लावला. हा बँड मला कायम उशिराच भेटला. १९९७ साली मी अभियांत्रिकीला मुंबईत आलो आणि त्याच वर्षी तो फुटला. धोबी तलावच्या रंगभवनात त्यांना ऐकलेले सीनियर हॉस्टेलवर फुशारक्या मारायचे आणि आम्ही घासून गेलेल्या कॅसेटवर समाधान मानायचो. तेव्हा वाचकहो, हे प्रत्यक्षदर्शीचं लेखन नव्हे.

सुरुवात १९८४ ची. तेव्हा नाव होतं ‘रॉक मशीन’. पुढे स्थिरावलेल्या संचात गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया, ड्रमवर मार्क मेनेझिस. ही नावं ओळीनं वाचली की गिरगाव ते वांद्रे लोकलचा डबाच डोळ्यांसमोर येतो. त्या काळी कॉलेजच्या महोत्सवांतला श्रोता ‘डीप पर्पल’ची गाणी हुबेहूब मागायचा आणि स्वतःची रचना सुरू झाली की चहाला उठायचा. अशा श्रोत्यांपुढे आपलीच गाणी रेटून वाजवणं हे या मंडळींचं पहिलं आणि माझ्या मते सर्वांत मोठं काम. १९८८ साली ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे त्यांचे दोन अल्बम आले. भारतीय बँडनं स्वतःच्या इंग्रजी रॉक गाण्यांची कॅसेट काढावी आणि एका बड्या कंपनीनं ती बाजारात आणावी, हेच तेव्हा अप्रूप होतं.

आता टीकेकडे येतो. पहिला अल्बम आज ऐकवत नाही. हात तयार आहेत, पण कान परके आहेत. माझी डॉक्टरेट यंत्रांच्या कंपनांवरची, त्यामुळे एखादी वस्तू स्वतःच्या वारंवारतेनं थरथरते आहे की शेजारच्या यंत्रामुळे हलते आहे, हे शोधायची खोड लागलेली. ‘रेनिगेड’ सरळसरळ शेजारच्या यंत्रामुळे हलतो. शीर्षकातला बंडखोर अमेरिकन सिनेमातून आलेला आहे. १९८२ च्या संपानं गिरणगाव उद्ध्वस्त होत होतं, त्याच शहरात हा बँड जन्मला, पण त्या शहराचा धूर या गाण्यांना लागलेला नाही. गिरणीवर गाणं लिहायलाच हवं होतं असं माझं म्हणणं नाही. निदान ही गाणी क्लीव्हलँडच्या पोरांनीही लिहिली असती असं वाटू नये, एवढंच.

मग १९९१ साली स्टारच्या वाहिन्यांबरोबर एमटीव्ही आपल्या घरांत आलं आणि चित्र पालटलं. १९९३ मध्ये ‘प्रिटी चाइल्ड’च्या चित्रफितीला एमटीव्हीचं आशियातलं प्रेक्षकपसंतीचं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ झालं, म्हणजे नावात सिंधू आली. आम्ही सॉफ्टवेअरवाले जुन्याच प्रणालीला नवं नाव देऊन गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो, तसं हे नव्हतं. १९९५ च्या ‘इंडस क्रीड’ अल्बममध्ये देशी वाद्यांचे रंग खरोखरच आले आणि गाणी मोकळी झाली. पण त्याच वर्षी अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ गाजलं, दलेर मेहंदी घरोघरी पोचले आणि वाहिन्यांना हिंदी पॉपची चव लागली. दोन वर्षांत बँड संपला. बेनेगल आणि गांधी न्यूयॉर्कला गेले, तिथं ‘आम्स फॉर शांती’ उभा राहिला.

यावरून सगळे एकच निष्कर्ष काढतात : इंग्रजीत गायले म्हणून बुडाले. मला हे पटत नाही. १९९६ साली हरिहरन आणि लेस्ली लुईस ‘कलोनियल कझिन्स’ म्हणून इंग्रजीत हिंदुस्थानी आलापी मिसळून गायले आणि लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. भाषेपेक्षा उशीर नडला. आपलं गाव ऐकू यायला या बँडला अकरा वर्षं लागली आणि ऐकू आलं तेव्हा बाजार उठत होता.

याच्या उलट चाललेला बँड म्हणजे स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा ‘रनरिग’. १९७३ मध्ये त्यांनी सुरुवात केली आणि १९७८ चा पहिला अल्बम अख्खा गेलिकमध्ये काढला. २०११ साली ती भाषा बोलणारे जेमतेम साठ हजारांच्या घरात होते. आपण २०११ च्या जनगणनेत सव्वाआठ कोटींवर. पुढे रनरिगनं इंग्रजीतही भरपूर गाणी केली, पण गेलिक सोडली नाही. १९९५ साली त्यांचं एक गेलिक गाणं ब्रिटनच्या पहिल्या वीसांत गेलं. (त्यामागे बिअरची जाहिरात होती. असो, देव कुठल्या रूपात भेटेल सांगता येत नाही.) २०१८ मध्ये स्टर्लिंगला निरोपाचे कार्यक्रम करून ते थांबले. त्यांचं इंग्रजी गाणं ऐकतानाही बेट दिसतं. माझा मुद्दा नेमका हाच आहे.

इंडस क्रीड २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर, बालापोरिया हे जुने, रुशद मिस्त्री आणि जय राव कवी हे नवे. २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ इंग्रजीतच आहे, त्यात भारतीयपणाची जाहिरात नाही, आणि तरी मला तो या बँडचा सर्वांत आपला अल्बम वाटतो. पन्नाशीकडे झुकलेली माणसं कुणासारखं दिसायची धडपड सोडून वाजवताहेत. गाणी सावकाश उलगडतात, कुठे थांबायचं हे त्यांना कळतं. दुर्दैव असं की ‘रेनिगेड’च्या आठवणी काढणारे शंभर भेटतात, ‘इव्हॉल्व्ह’ ऐकलेले दोनसुद्धा नाहीत.

मराठीत ‘अभंग रिपोस्ट’सारखी मुलं आज गिटार-ड्रमवर अभंग गातात, ते मला आवडतं. पण तयार शब्द संतांनी दिलेले आहेत. स्वतःचे शब्द लिहिणाऱ्या पोराला आपण आधी भाषा विचारतो, गाणं नंतर.

त्या रात्री अल नाहदाच्या सिग्नलला चिरंजीव म्हणाले, “बाबा, ड्रमर भारी आहे.” मग बराच वेळ गप्प. “तिनईकर म्हणजे आपल्यातलेच ना? मग त्यांना कुणी नाही विचारलं, मराठी काय वाजवणार म्हणून?” मी म्हटलं, सिग्नल सुटला. यंदाची यादी पुढच्या आठवड्यात ठरणार आहे. अर्ज मीच भरला. ‘भाषा’ या रकान्यात अजून काही लिहिलेलं नाही.