मध्यस्थाविना गाणे

घरी यंत्रावर गाणे ऐकणाऱ्यांत एक कडवा संप्रदाय आहे. गायक आणि श्रोता यांच्यामध्ये यंत्रे जितकी कमी तितके गाणे खरे, अशी त्याची श्रद्धा. या श्रद्धेचा पहिला घाव बसतो तो प्रीॲम्प्लिफायरवर. विजेवर चालणारी, ध्वनी वाढविणारी ही मधली पेटी काढून टाकावयाची आणि तिच्या जागी निरनिराळी यंत्रे जोडण्याची एक कळ व आवाज कमी करणारा एक पोटेन्शिओमीटर, एवढेच ठेवावयाचे. या नव्या पेटीला वीज लागत नाही. ती काही वाढवीत नाही. आलेल्यातून हवे तेवढे पुढे सोडते. तिला पॅसिव्ह म्हणतात. शहाद्याच्या माझ्या एका स्नेह्यांनी हा बदल केला आणि ‘आता केसरबाई खऱ्या ऐकू येतात’ असे कळविले. हे विधान तंत्राचे नव्हे, समीक्षेचे आहे. म्हणून त्याचा विचार येथे करावयाचा.

विधानात तथ्य नाही असे नाही. तबकडीवरून फिरणारी सुई अवघे काही मिलिव्होल्ट देते. ते वाढविल्यावाचून गत्यंतरच नव्हते. १९८२ साली सीडी आली, आणि तिचे यंत्र सुमारे दोन व्होल्ट देऊ लागले. मुख्य ॲम्प्लिफायरला पूर्ण आवाजासाठी पुष्कळदा एक-दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे मधली पेटी आधी वाढविणार, आणि आपण कळ फिरवून ते पुन्हा कमी करणार! हा द्राविडी प्राणायाम टळला तर त्यात गैर काय?

पण ‘खऱ्या केसरबाई’ कोणत्या? केसरबाई केरकरांना ध्वनिक्षेपकाची नावड होती, हे प्रसिद्ध आहे. त्यांचा तो घुमारदार, अखंड आकार तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत उतरला तेव्हाच त्याला यंत्राचे संस्कार झाले होते. (त्यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून अवकाशात गेली, ती ऐकणारा तेथे कोणती पेटी वापरील, हा प्रश्न तूर्त सोडून देऊ.) पुढच्या लाँगप्लेची गोष्ट तर अधिकच बोलकी. ती कोरतानाच खर्जाकडचा ध्वनी मुद्दाम दाबतात आणि तारेकडचा चढवितात. वाजविताना त्याची उलट भरपाई करावी लागते. १९५४ पासून त्याचे एक ठरीव प्रमाणही आहे. म्हणजे ज्याला हात लागलेला नाही असे गाणे तबकडीत कधी नव्हतेच. पेटी काढली म्हणजे निखळ काही हाती लागते, हा भ्रम आहे. एक संस्कार कमी होतो, इतकेच.

शिवाय न वाढविणाराही निष्पाप नसतो. शंभर किलोओहमचा पोटेन्शिओमीटर मध्यावर असला की त्याचा स्वतःचा अडथळा पंचवीस किलोओहम होतो. पुढे पाचेक मीटर तार जोडली, तिची धारकता पाचशे पिकोफॅरड धरली, तर साडेबारा हजार आवर्तनांच्या आसपासच ध्वनी ढळू लागतो. तंबोऱ्याच्या जवारीची झिलई, आवाजाची बारीक धार यांना त्याची झळ लागते. आणि गंमत अशी की ऐकणारा या उणिवेलाच ‘काय मऊ, नैसर्गिक आवाज!’ म्हणून दाद देतो. दहा किलोओहमचा घेतला तर हीच सीमा सव्वा लाखाच्या पलीकडे जाते, म्हणजे आपल्या कानांपुरती नाहीशीच होते. मात्र मागचे यंत्र तेवढा भार पेलणारे हवे; काही व्हॉल्व्हची यंत्रे तेथे धापा टाकतात. वजाबाकीलाही हिशेब लागतो तो असा.

राहिला प्रश्न कसोटीचा. पुण्या-मुंबईचा रसिक म्हणेल, आम्ही मैफिली ऐकतो, आम्हांला खरा आवाज ठाऊक आहे. गोमाईकाठच्या तालुक्याच्या गावाने तो ठरवावयाचा कशावरून? शहाद्याला रेल्वेसुद्धा नाही. गाडी धरावयाची तर दोंडाईचा किंवा नंदुरबार गाठावे लागते. तेथल्या रसिकाची मैफील बव्हंशी घरातच. तथापि १९५३ पासून चालत आलेल्या पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपातही गाणे कर्ण्यांतूनच कानी येते, हे पुणेकर विसरतात. उलट सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस होळीचा ढोल आणि पावरी उघड्यावर, कोणत्याही तारेवाचून ऐकत आला आहे. चामड्यावर थाप पडल्यावर आवाज किती चटकन उभा राहतो आणि किती चटकन विरतो, हे त्याच्या कानाला कळते. लग्नांतून आता डीजे घुसला असला तरी तो कान अजून मेलेला नाही. माझ्या मते पेटी पारखण्यास हा कान मैफलीच्या कानाहून कमी लायक नाही. मात्र त्याने केसरबाईंचा निवाडा करण्याआधी ढोलाचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण लावून पाहावे.

स्नेह्यांना मी एवढेच लिहिले: पोटेन्शिओमीटर दहा किलोओहमचा आहे का पाहा, पुढची तार अर्ध्या मीटरची करा. आणि जुनी पेटी विकू नका. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्यांवरून उतरविलेल्या काही सीडी फार हलक्या आवाजात आहेत. तेथे ही नवी पेटी अपुरी पडेल, आणि खरखर थोडी दाबावयाची झाली तर ट्रेबलची कळ त्या जुन्या पेटीलाच आहे.