आमची मुले, मुकी जनावरे आणि चिमणीचे बंद दार

घर, मूल आणि मांजर हे विषय लिहावयास सोपे, असा एक समज आमच्या लेखकवर्गात रूढ आहे. ज्यास इतिहास पेलत नाही व कादंबरीचा पसारा आवरत नाही, त्याने खुशाल बाळाच्या बोबड्या बोलांवर आणि मनीच्या पिलांवर चार पाने लिहावी, व वाचकांनी ती कौतुकाने वाचावी, असा परिपाठच पडला आहे. आमच्या मते याइतका अवघड विषय दुसरा नाही. मांजरास बोलता येत नाही; आणि मुलास जे बोलावयाचे असते ते त्याच्या तोंडून निघण्यापूर्वीच वडील मंडळी त्याच्या वतीने बोलून मोकळी होतात. म्हणजे दोन्ही पक्षांचे वकीलपत्र लेखकाकडेच! ज्या खटल्यात उलटतपासणी नाही, तेथील साक्ष गोड होते. ती खरी होतेच असे नाही.

यासाठी अशा लेखनास एकच प्रश्न विचारावा, असे आम्हांस वाटते. घरात जी माया दाखविली, तिचा खर्च कोणी सोसला, आणि त्या मायेचे दार कोणासाठी बंद राहिले? या प्रश्नास जे लेखन टिकते ते वाङ्मय. जे टिकत नाही ती केवळ साखर.

आमच्या परंपरेत मुक्या प्राण्यांस तोटा नाही. नामदेवांच्या पानातील भाकरी कुत्र्याने पळविली, तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. एकनाथांनी कावडीतील गंगोदक तहानेने तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. या कथा ऐकतच मराठी मूल मोठे होते, आणि त्यांचे मोल आम्ही तिळमात्र कमी करीत नाही. परंतु त्यांतील कुत्रा हा कुत्रा नसून देव आहे, आणि तो एकदाच येतो. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, भाकऱ्या मोजूनच भाजलेल्या असताना तोच कुत्रा पुनः दाराशी आला म्हणजे घरच्या बाईने काय करावे, हे संतकथा सांगत नाही. ते तिचे कामही नव्हे. ते सांगण्याची जबाबदारी संसाराचे चित्र काढणाऱ्या लेखकाची आहे.

संसाराचे हे चित्र खरे कसे असते, हे पाहण्यास आम्ही वाचकांस पाचूबंदरास घेऊन जातो. 1739 साली चिमाजी आप्पांनी पोर्तुगीजांकडून जिंकून घेतलेल्या वसईच्या किल्ल्याशेजारी, समुद्राच्या काठी ही कोळ्यांची वस्ती आहे. किल्ला पाहावयास येणारा प्रवासी बुरूज व पडक्या देवळांच्या कमानी पाहून परततो. थोडा पुढे गेला तर त्याला बांबूंच्या वलांड्या दिसतील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी वलांडीच्या दोरीवर टाकतात, आणि अशा शेकडो जोड्या उन्हावाऱ्यात वाळत असतात. खाली जमिनीवर जवळा पसरलेला असतो. वर घार, बांबूच्या टोकावर कावळा, आणि सावलीत डोळे मिटल्याचे सोंग घेतलेले मांजर. या तिघांपासून मासळी राखावयाची ती घरातील म्हातारीने आणि पोरांनी.

आता या घरातील मांजर पाळीव म्हणावे काय? ते घरात असावे अशी घरच्यांची इच्छा असते, कारण उंदीर जाळी कुरतडतात. ते वलांडीजवळ नसावे अशीही त्यांचीच इच्छा असते, कारण ते बोंबील पळविते. एकाच जनावराशी एकाच घराचे सख्यही आहे आणि वैरही. जे पोर हातात काठी घेऊन त्यास हाकलते, तेच जेवताना माशाचे डोके ताटाच्या कडेवरून खाली सरकविते. यात काही विसंगती आहे असे त्या पोरास वाटत नाही, त्याच्या आईसही वाटत नाही. जून आणि जुलै या दोन महिन्यांत समुद्रातील यांत्रिक मासेमारी कायद्याने बंद असते. तेव्हा घराचा हात आखडतो, आणि त्याबरोबर मांजराचा वाटाही आखडतो. माणसाची ददात आणि मांजराची ददात एकाच डब्याच्या तळाशी दिसू लागते. मूल आणि मुके जनावर यांचा खरा संसार तो हा. आमच्या पुस्तकांत तो कितीसा उतरला आहे?

आश्चर्य असे की, तो उतरला आहे तो एका अशा गोष्टीत, जिला कर्ता नाही आणि जिच्यावर कोणी परीक्षण लिहीत नाही. चिऊचे घर मेणाचे आणि काऊचे घर शेणाचे, ही गोष्ट महाराष्ट्रात कोणास ठाऊक नाही? पाऊस येतो, काऊचे घर वाहून जाते, तो भिजत चिऊच्या दारी येतो, आणि चिऊ त्यास थांबावयास सांगते. तिचे बाळ न्हायचे आहे, त्याचे अंग पुसावयाचे आहे, त्यास काजळ घालावयाचे आहे, भरवून निजवावयाचे आहे. दार काही उघडत नाही.

ही गोष्ट आम्ही मुलांस घास भरविताना सांगतो आणि तिच्यातील धार विसरून जातो. प्रथम हे पाहावे की, चिऊ खोटे बोलत नाही. घरात तान्हे मूल असलेल्या बाईची सकाळ अगदी अशीच जाते. एक काम दुसऱ्याच्या पदरास धरून येते. मुलाच्या रोजच्या संगोपनाचे इतके नेटके टिपण आमच्या नामांकित कादंबऱ्यांतही क्वचितच सापडेल. आणि तरीही ती प्रत्येक खरी सबब बाहेर भिजणाऱ्या शेजाऱ्याच्या दृष्टीने क्रूर आहे. आपल्या बाळावरची माया हीच परक्याच्या तोंडावर लावलेली कडी ठरते, हे सत्य या गोष्टीने अवघ्या चार वर्षांच्या श्रोत्यासमोर ठेविले आहे, आणि त्याखाली तात्पर्याची ओळ लिहिलेली नाही.

पुढे काय होते ते घराघरांतून निरनिराळे सांगतात. कोठे काऊ आत येतो आणि तापल्या तव्यावर बसून पोळतो. कोठे तो अंधारात चिऊच्या साठवणीतले दाणे फस्त करितो. हे भेद उगाच नव्हेत. सांगणारीचे मन ज्याच्या बाजूस झुकते, तसा शेवट होतो. मुलाचा प्रश्न मात्र बहुधा एकच असतो: काऊला आत का घेतले नाही? या प्रश्नास तयार उत्तर नाही, यातच त्या गोष्टीचे थोरपण आहे. आमच्या हिंदू घरांची वागणूकही काही निराळी नाही. चिमणीने तसबिरीमागे काड्या आणून टाकल्या तर आम्ही त्या सहन करीत आलो. कावळा खिडकीत आला की हात उगारीत आलो. आणि घरात मृत्यू झाला म्हणजे दहाव्या दिवशी त्याच कावळ्याने पिंडास शिवावे म्हणून हात जोडून ताटकळत उभे राहिलो. मग पाचूबंदरच्या वलांडीवर बसलेल्या कावळ्यास घरचा म्हणावे की परका, हे कोण ठरविणार?

लिखित वाङ्मयाकडे वळल्यावर पहिले नाव येते ते साने गुरुजींच्या 'श्यामची आई'चे. 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक भाबडे आहे, असा आक्षेप शहाणी मंडळी घेतात. तो आम्हांस सर्वस्वी मान्य नाही. 'मोरी गाय' या प्रकरणातील गाय श्यामच्या आईखेरीज दुसऱ्या कोणास धार काढू देत नाही. येथे गाय ही नुसती गोमाता नाही. तिला स्वतःची मर्जी आहे, हट्ट आहे, आणि त्या हट्टापायी आईस काम पडते. मायेचा खर्च कोण सोसतो याचे उत्तर येथे सरळ मिळते: घरातली बाई. 'भूतदया' या प्रकरणात मुले एका पिलास वाचवू पाहतात आणि ते त्यांच्या हाती दगावते. हेतू निर्मळ होता, तरी जीव गेला. एवढे कठीण सत्य मुलांपुढे ठेवावयास धैर्य लागते, आणि गुरुजींपाशी ते होते.

आमची तक्रार निराळी आहे. गुरुजींच्या मागून आलेल्यांनी त्यांचे धैर्य घेतले नाही, केवळ अश्रू घेतले. पिलू दगावण्याऐवजी हटकून वाचू लागले. गाय मर्जी सोडून मूर्ती झाली. आणि धड्याच्या शेवटी भूतदयेचे तात्पर्य ठळक अक्षरांत छापून येऊ लागले. असा धडा ज्या वर्गात वाचला जातो, त्या वर्गात कोळ्याचेही मूल बसलेले असते, हे लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. जो प्राण्यास मारीत नाही तो दयाळू, एवढेच त्या मुलास शिकविले, तर त्याची पहाटे उठून मासळी निवडणारी आई कोण ठरली? पुस्तकाने तिचे नाव घेतलेले नसते, पण मुलास निकाल समजतो. जी दया एका मुलास आपल्या आईची लाज वाटावयास लाविते, तिला दया म्हणावयास आमची जीभ वळत नाही. आणि वास्तविक त्या आईच्याच ओट्यावर मांजर व्यालेले असते!

दुसरा मार्ग विनोदाचा. पु. ल. देशपांडे यांच्या 'हसवणूक' या संग्रहातील 'पाळीव प्राणी' हा लेख शहरी श्वानभक्तांची जी रेवडी उडवितो, ती वाचून न हसणारा वाचक विरळा. तो विनोद रास्तही आहे. कारण शहरातील बिऱ्हाडात जनावरास काम उरलेले नसते, ते धन्याच्या हौसेचा व प्रतिष्ठेचा भाग होऊन बसते, आणि हौसेस हसावयासच हवे. पण हा विनोद पाहुण्याच्या खुर्चीवरून केलेला आहे. घरातल्या मुलास ते कुत्रे काय वाटते, हे पाहुण्यास दिसत नाही, आणि दाखविणे हा त्याचा उद्देशही नाही. म्हणून हसून झाल्यावरही आमचा मूळ प्रश्न तेथेच उभा राहतो.

यावर कोणी म्हणेल, कोवळ्या मनास असल्या कठोर गोष्टी कशास सांगाव्या? मुलास चार वर्षे गोड स्वप्नात राहू द्यावे. या आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो मायेतून आलेला आहे. पण मूल स्वप्नात असते, हीच मुळी आमची कल्पना. वसईच्या ख्रिस्ती घरांतून कोंबड्या, बदके, क्वचित डुकरे पाळण्याची जुनी रीत. ज्या पिलास मुलाने वर्षभर दाणे टाकले, ते नाताळच्या सुमारास अंगणातून नाहीसे होते व ताटात येते. हे मूल जाणते. बकरीदच्या घरातील मूल जाणते, आणि देवीस कोंबडे देणाऱ्या घरातीलही जाणते. कोणी रडते, कोणी त्या दिवशी जेवत नाही, कोणी रडून मग जेवते. त्याच्या मनात जे घडते ते आमच्या शब्दांवाचून घडते, एवढेच. अशा वेळी मुलास सोबत हवी असते ती खरे बोलणाऱ्या गोष्टीची. चिऊकाऊची गोष्ट ती सोबत देते. साखरेचे बालवाङ्मय ऐन वेळी पाठ फिरविते.

हे आम्ही अशक्यप्राय मागत नाही. आज जो पालघर जिल्हा म्हणून ओळखला जातो, त्याच प्रदेशात ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे बालशिक्षणाचे काम मांडिले, व पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाडच्या टेकडीवर ते वाढविले. गुरे राखावयास जाणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत असे पाहून त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे सोडून ये, असे त्यांनी मुलास म्हटले नाही. मूल आणि जनावर यांच्यामध्ये काम आहे, पोट आहे, आणि त्यातूनच जडलेला लळा आहे, हे त्यांनी ओळखिले. शिक्षणास जे जमले ते साहित्यास न जमावे असे नाही.

आणि वसईस लेखणीचे दुर्भिक्ष तर मुळीच नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 1983 पासून 2007 पर्यंत 'सुवार्ता' मासिक चालविले, आणि 2020 साली उस्मानाबादच्या साहित्यसंमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. या भूमीतील ख्रिस्ती समाज मराठीत लिहितो आणि चांगले लिहितो, हे आता सिद्ध करावयाचे राहिलेले नाही. चर्च, किल्ला, बागायत यांवर पुष्कळ झाले. आता कोणी तरी वलांडीखालच्या मांजराविषयी लिहावे. त्यास हाकलणाऱ्या आणि त्यासच जेवू घालणाऱ्या पोराविषयी लिहावे. आणि लिहिताना त्या पोराच्या आईस गुन्हेगारही करू नये, देवीही करू नये.

चिमणीने दार उघडावे की नाही, हा निवाडा गोष्टीने करावयाचा नसतो. तो ऐकणाऱ्या मुलाने, पुढे स्वतःचे घर झाल्यावर, पावसाळ्यात कोणी तरी दार ठोठावील तेव्हा करावयाचा असतो. दार ठोठावल्याचा आवाज त्याच्या कानी स्पष्ट पोचावा, एवढीच आमची लेखकांजवळ मागणी आहे.