नियतकालिकांची वर्गणी आणि वऱ्हाडातील महाविद्यालयीन ग्रंथालये

पुस्तकाचे देयक ते हाती आल्यावर चुकते होते. नियतकालिकाचे पैसे अंक निघण्यापूर्वीच द्यावे लागतात. त्यातच वर्गणीचे वर्ष बहुधा जानेवारीत सुरू होते, तर अंदाजपत्रकाचे एप्रिलमध्ये. नूतनीकरणाचा आदेश लांबला की मधले अंक हुकतात आणि बांधणीस जातो तो अपुरा खंड.

‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये आणि सुमारे १३,००० नियतकालिके ही तरतूद निश्चितच मोठी होय. परंतु मंजुरी मिळाली ती शासकीय व्यवस्थापनाखालील संस्थांसाठी. अमरावतीचे विद्यापीठ आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ त्या चौकटीत बसतात; पंजाबराव देशमुखांच्या श्री शिवाजी शिक्षण संस्थेसारख्या खाजगी संस्थांची महाविद्यालये, ज्यांवर वऱ्हाडचे उच्च शिक्षण प्रामुख्याने उभे आहे, त्या व्याख्येबाहेर राहतात. त्यांचा आधार २०१० पासूनची ‘एन-लिस्ट’ योजनाच.

शिवाय आंतरराष्ट्रीय प्रकाशकांच्या यादीत विदर्भ साहित्य संघाची ‘युगवाणी’ किंवा वाईचे ‘नवभारत’ असणार कसे? तेव्हा ऑनलाइन सोयीचे कारण पुढे करून छापील वर्गण्या बंद करणे मराठी विभागापुरते तरी सर्वथा असमर्थनीय ठरते. ही वर्गणी ग्रंथालयानेच, डिसेंबरपूर्वी, भरावयास हवी.