बुजवलं म्हणजे काय? लॉगफोरजेच्या दुरुस्तीविषयी

मंडळी, डिसेंबर २०२१ मधली लॉगफोरजेची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांच्या कानावर आलेली असेल. रहिमतपूर-कोरेगावची जी मुलं हिंजवडीला नोकरी करतात, त्यांतल्या कित्येकांचा तेव्हाचा शनिवार-रविवार यातच गेला असणार. ही गोष्ट साधारण अशी सांगतात: भगदाड सापडलं, जग हादरलं, तज्ज्ञांनी ते बुजवलं. यातल्या 'बुजवलं' या क्रियापदाबद्दल आमची तक्रार आहे.

आधी मामला काय तो बघू. लॉगफोरजे ही जावा भाषेतली लायब्ररी. म्हणजे तयार कोड, कुणीही फुकट घ्यावा आणि आपल्या प्रोग्रॅमला जोडावा. काम नोंदवहीचं: कोण आलं, काय मागितलं, कुठे अडलं, ते लिहून ठेवायचं. आता असा एक कारकून डोळ्यांपुढे आणा. तुमच्या अर्जातच लिहिलंय, 'अमक्या पत्त्यावर जा, तिथे देतील ते आणा आणि इथे चालवा.' हा गृहस्थ अर्ज आवक वहीत चढवता चढवता उठतो आणि खरंच तसं करतो! डॉलरचं चिन्ह, महिरपी कंस, आत जेएनडीआय ही अक्षरं आणि एक पत्ता, एवढ्यावर परक्याचा कोड तुमच्या सर्व्हरवर चालायचा. माइनक्राफ्ट खेळात तर गप्पांच्या चौकटीत ही ओळ टाइप केली तरी पुरे होतं. गंभीरतेच्या मोजपट्टीवर या दोषाला १० पैकी १० गुण मिळाले.

ही सोय चोरून आत शिरलेली नव्हती. २०१३ साली एका वापरकर्त्याने ती मागितली, सोबत कोडही दिला, आणि ती सामावून घेतली गेली. पुढे आठ वर्षं ती तशीच राहिली. २४ नोव्हेंबर २०२१ ला अलिबाबा क्लाउडच्या चेन झाओजुन यांनी धोका अपाची फाउंडेशनला खासगीत कळवला. (सरकारला वेळेत कळवलं नाही म्हणून चीनच्या मंत्रालयाने अलिबाबा क्लाउडबरोबरचं सहकार्य सहा महिने थांबवलं. ज्याचा कोड त्याला आधी सांगितलं, त्याची ही बक्षिशी.)

आता दुरुस्तीकडे येऊ. समीक्षक कवितेचे खर्डे वाचतात, तशा या आवृत्त्या ओळीने वाचायला हव्यात. २.१५.० मध्ये काय केलं? संदेशातला मजकूर उलगडून बघण्याची सवय मूळ मांडणीत बंद केली आणि जेएनडीआयला स्वतःच्याच यंत्रापुरतं बांधून ठेवलं. म्हणजे कारकुनाला घराबाहेर पडू नकोस म्हणून बजावलं. त्याची नोकरी कायम. काही दिवसांतच दिसलं की विशिष्ट मांडणी असेल तर तो अजूनही बाहेर पडतो. या दुसऱ्या दोषाला आधी ३.७ गुण दिले, मग नीट तपासल्यावर ९. मग १३ डिसेंबरला २.१६.०. इथे संदेशातली ती सोय मुळातूनच काढली आणि जेएनडीआय बंद करून टाकलं. त्यानंतर २.१७.०, स्वतःलाच उलगडत बसणाऱ्या नोंदीवर उपाय म्हणून, आणि २८ तारखेला २.१७.१. तीन आठवड्यांच्या आत चार आवृत्त्या.

आमच्या मते पहिली दुरुस्ती भित्री होती. या सगळ्यातलं उत्तम काम २.१६ मधलं खोडकाम आहे. पण भीती कशाची होती, तेही बघा. जुन्या वापरकर्त्यांचे प्रोग्रॅम मोडतील याची. सांभाळणाऱ्यांपैकी एकाने तेव्हा जाहीरच सांगितलं होतं की ही सोय आम्हालाही आवडत नव्हती, जुन्यांसाठी ठेवावी लागली. रात्रंदिवस काम करतोय, पैसे मिळत नाहीत, आणि शिव्या मात्र मिळतायत. म्हणजे भित्रेपणात वाटा घेणाऱ्यांचाही होता. काहीही मोडू नका, आणि फुकट द्या, हा हट्ट आपलाच ना?

रहिमतपुरात रणदुल्लाखानाच्या घुमटाजवळ हत्तीच्या मोटेचा उंच मनोरा आहे. बघायला येणारा मनोऱ्याकडे मान वर करून बघतो. मोटेचं चामडं फाटलं की ते कोण शिवायचं, हे कुणी विचारत नाही. लॉगफोरजेचं चामडं शिवणारी माणसं मोजकी होती आणि बहुतेक जण पोटापाण्याचं काम सांभाळून हे करत होते. त्यांच्या कोडवर उभ्या असलेल्या बड्या कंपन्यांना त्यांची आठवण झाली ती त्या डिसेंबरात.

आणि 'बुजवलं' म्हणायचं तरी कधी? गूगलच्या लोकांनी तेव्हा जावाच्या मुख्य भांडारातली पॅकेजेस मोजली. सुधारित आकडा १७,००० च्या वर, म्हणजे सुमारे ४ टक्के, पॅकेजेस बाधित. बहुतेकांनी लॉगफोरजे थेट घेतलेलंच नव्हतं. ते दुसऱ्या लायब्ररीच्या पोटातून आलेलं, तीही तिसरीच्या पोटातून, कुठे कुठे तर नवव्या पायरीवर. वरच्याने बदलल्याशिवाय खालच्याला बदलता येत नाही. समजा, एखाद्या गावच्या पतसंस्थेने तयार सॉफ्टवेअर विकत घेतलंय. त्यात हे आहे का, हे तिथला व्यवस्थापक कसं सांगणार? विकणाऱ्यालाही पुष्कळदा माहीत नसतं. आपल्या सर्ट-इनने डिसेंबरातच इशारा काढला, पण इशारा वाचायला आधी आपल्या घरात काय आहे ते ठाऊक पाहिजे. जुलै २०२२ मध्ये अमेरिकेच्या सायबर सुरक्षा पुनरावलोकन मंडळाचा अहवाल आला. सदोष लॉगफोरजे ठिकठिकाणी अनेक वर्षं, कदाचित दहा वर्षं किंवा त्याहूनही जास्त, टिकून राहील, असं त्यात म्हटलं आहे. ती दहा वर्षं अजून उलटलेली नाहीत.